साहेबाची तपासणी

३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कान पकडते. पण या वेळी कारण खरं आहे. दवाखान्यात नवं यंत्र आलंय, हृदय आतून चालताना दाखवणारं. त्याच्यासाठी सुताराकडून वेगळं टेबल करून घेतलं. टेबलाच्या एका कडेला मोठी खाच आहे. जनावर कुशीवर निजवायचं, छाती त्या खाचेवर येऊ द्यायची आणि यंत्राची मूठ खालून लावायची. सुतार टेबल ठेवून गेला आणि जाता जाता बजावून गेला की, हे कोणत्या कुत्र्याने कुरतडलं असं कुणी विचारलं तर त्याचं नाव सांगू नये.

यंत्र आलं तसा मी नियमच करून टाकला. सात वर्षांवरचं कुठलंही कुत्रं-मांजर लशीसाठी आलं की आधी त्याची छाती नीट ऐकायची आणि थोडी जरी शंका आली तरी त्याला टेबलावर घ्यायचं. आजारी असो वा नसो. लोक कुरकुरतात. एक शिक्षक म्हणाले की त्यांचा कुत्रा ठणठणीत आहे, नसती उठाठेव कशाला. मी त्यांना म्हटलं की ठणठणीत आहे तोवरच बघण्यात अर्थ आहे. मांजरांची तर तऱ्हाच न्यारी. लाडात आलेलं मांजर असं गुरगुरतं की हृदयाचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मग कोपऱ्यातला नळ सोडायचा. पाण्याचा आवाज आला की बाईसाहेब गप्प. तेवढ्यात कान लावून घ्यायचा. दिवसभर माझं हे असं चालतं, नळ सोड आणि नळ बंद कर.

आता आपल्या साहेबाचं. तू लिहिलंस की हल्ली तो जिना चढून आला की खोकतो, आणि पुढे म्हातारपण म्हणून मोकळा झालास. कुत्र्याला नुसत्या म्हातारपणाने खोकला होत नाही. लस या महिन्यात आहेच, तेव्हा घेऊन ये. तू तर लिफ्टवाला माणूस. दर महिन्याला प्रत्येक इमारतीत जाऊन दोर बघतोस, ब्रेक बघतोस, तपासणी चुकवणाऱ्या सोसायटीला चार शब्द सुनावतोस. मग घरच्या साहेबाच्या बाबतीत कानाडोळा का?

साहेबाच्या आडून जे बोलायचंय ते आता सरळच बोलते. तुझा थोरला जाऊन तीन वर्षं झाली. मैदानावर धावता धावता पडला तो उठलाच नाही. त्याच्या हृदयाची मधली भिंत जाड होती, हे नंतर कळलं. तेव्हाच डॉक्टरांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हे रक्तातून उतरतं, त्याच्या धाकट्या बहिणीचीही तपासणी करून घ्या. मी शेजारीच उभी होते. तुझी भिंगरी तेव्हा चौदाची होती, आता सतराची होईल. तिची तपासणी अजून झालेली नाही. मी रोज परक्यांची कुत्री-मांजरं तपासते आणि दर वेळी मला तीच आठवते. दादा, तिला एकदा दाखव रे.

रागावणार आहेस हे धरूनच चालले आहे. राग तुझ्यापाशी ठेव, लोभ माझ्याकडे पाठव.

तुझी,
धाकटी


१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पहिलं पान हसत वाचलं, तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. शेवटचं दाखवलं नाही.

लिफ्टचं तूच काढलंस म्हणून सांगतो. दोरातली एखादी तार तुटलेली दिसली की मी वीज तोडतो, दाराला बंदची पाटी अडकवतो आणि लोक मला शिव्या देत जिने चढतात. दोर बदलला की लिफ्ट सुरू. माझं काम तिथे संपतं. पोरीच्या छातीत काही दिसलं तर कोणती पाटी अडकवू आणि कुठे? दोर कुठून आणू? तू शिकलेली आहेस, तूच सांग. जे बदलता येत नाही ते बघून काय करायचं? बघितलं नाही तर निदान ती सकाळी उठून साहेबाशी भांडते, वेणी घालताना आरशाशी बोलते, कॉलेजात जाते. बघितलं तर तिच्या प्रत्येक श्वासाला आम्ही दोघं दचकू आणि तीही दचकेल. थोरल्याला काही ठाऊक नव्हतं. गेला तेव्हा हसत होता, असं त्याचे मित्र सांगतात. मला तेवढाच आधार आहे.

आणि मी हात बांधून बसलो आहे असं समजू नकोस. धावणं मी तिचं तेव्हाच बंद केलं. बूट शेजारच्या मुलीला देऊन टाकले. कॉलेजच्या खेळांना नाव घालू दिलं नाही. ती एका शब्दाने बोलली नाही, गुणाची आहे. तेवढं पुरे.

साहेबाचा खोकला मात्र वाढलाय, हे खरं. रात्री उठून बसतो. थोरल्याने त्याला रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा तो शर्टाच्या आत मावला होता. त्याच्यामागे तेवढाच उरलाय. त्याला बघायलाच हवं. मला सुट्टी नाही, एका जुन्या इमारतीची मोटर उतरवली आहे. भिंगरी त्याला बसने घेऊन येईल. पण एका अटीवर. तू तिच्याशी या विषयावर चकार शब्द काढायचा नाहीस. तसं लिहून पाठव, मग तिला पाठवतो.

तब्येतीला जप. जेवण वेळेवर करत जा. आशीर्वाद आहेतच, मागायला नकोत.

तुझा,
दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चकार शब्द काढणार नाही. शब्द दिला. शनिवारी दोघांना पाठव. साहेबाला सकाळी खायला फार देऊ नका, म्हणजे तो बसमध्ये ओकणार नाही.

पत्र छोटं आहे यावरून काय ते ओळख. लोभ तेवढा मोठा ठेव.

धाकटी


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

मी आणि साहेब नीट पोचलो. बसमध्ये त्याने एका आजोबांच्या पायावर डोकं ठेवून झोप काढली आणि आजोबांनी पाय हलवायचा नाही म्हणून आपला थांबाच चुकवला. मी माफी मागितली तर म्हणाले की तसंही घरी कुणी वाट बघत नाही.

गोळ्या सुरू केल्या आहेत. बाबांना तू सांगितलंस ते सगळं सांगितलं, की त्याच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे फिरतं, म्हणून हृदय मोठं झालंय आणि खोकला येतो, आणि हे आता कळलं म्हणून औषधावर तो बराच काळ मजेत राहील. बाबांनी ते दोनदा विचारलं. मग झोपेतले श्वास मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. तू म्हणालीस ना, शांत झोपेत मिनिटाला तीसच्या वर गेले तर कळवा. बाबा घड्याळ हातात धरून साहेबासमोर असे बसतात की साहेबालाच संकोच होतो आणि तो डोळे उघडतो. मग पुन्हा पहिल्यापासून.

आता खरं पत्र. मी जे केलं त्याबद्दल तू मला एका शब्दाने रागावली नाहीस, म्हणून मला झोप येत नाही.

तू गोळ्या आणायला पुढच्या खोलीत गेलीस. दवाखान्यातल्या मदतनीस मावशी साहेबाच्या छातीवरची ती थंड जेली पुसत होत्या. पडद्यावर अजून उजेड होता. मी मावशींना म्हटलं की साहेबांनंतर आता माझा नंबर, आणि साहेबाच्या जागेवर आडवी झाले. टेबल अजून गरम होतं. मावशी हसत होत्या, म्हणून मीही हसत होते. यंत्राची मूठ घेतली आणि सदऱ्याखालून बरगडीवर दाबली. आधी नुसतं करडं धुकं दिसलं, मग काहीतरी हललं. तेवढ्यात तू आलीस.

मला वाटलं, तू ओरडशील. तू ओरडली नाहीस. माझ्या हातातून मूठ घेतलीस पण काढली नाहीस. मला डाव्या कुशीवर वळवलंस, मूठ किंचित सरकवलीस आणि पडद्याकडे बघत राहिलीस. मी पडदा बघत नव्हते, आत्या, तुझं तोंड बघत होते. मग तू म्हणालीस की हे यंत्र कुत्र्यांसाठी लावलेलं आहे, माणसाचं त्यात काही धड कळत नाही. माझी छाती तूच पुसलीस, मावशींना करू दिलं नाहीस. बस थांब्यापर्यंत एरवी तुझी टकळी चालू असते. त्या दिवशी तू बोललीच नाहीस. आणि साहेब चालू शकतो तरी त्याला उचलून घेतलंस.

मी लहान नाही. माझा दादा कशाने गेला ते मला माहीत आहे. तुला एक सांगते, बाबांना सांगू नकोस. मी धावते. साहेबाला फिरवायला म्हणून सकाळी मैदानावर नेते, त्याला बाकावर बसवते आणि फेऱ्या मारते. आधी तोही बरोबर यायचा, आता नुसता बघतो. मला धावल्याशिवाय राहवत नाही, दादालाही राहवायचं नाही. मागच्या महिन्यात एकदा वळणावर डोळ्यांपुढे अंधार आला. अगदी थोडा वेळ. खाली बसले, बरं वाटलं. तेव्हापासून मला विचारायचंय आणि विचारायला कुणीच नाही. आईला विचारलं तर ती भांडी घासायला लागते.

दिसलं की नाही दिसलं, एवढंच लिही. मला राग येणार नाही. उत्तर लवकर पाठव, नाहीतर माझा लोभ संपेल. खोटं. संपणार नाही.

तुझी,
भिंगरी


२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस.

मी शब्द दिला होता आणि तो पाळलाही. भिंगरीशी मी त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. पण आता तुझ्याशी बोलल्याशिवाय मला गत्यंतर नाही. साहेबाची तपासणी झाल्यावर, मी खोलीत नसताना, पोर त्याच्या जागी टेबलावर आडवी झाली आणि यंत्राची मूठ स्वतःच छातीला लावून बसली. मी आत आले तेव्हा पडद्यावर तिचं हृदय होतं.

मी यंत्र लगेच बंद करायला हवं होतं. माझ्या परवान्यात जनावरं आहेत, माणसं नाहीत. मी बंद केलं नाही. तिला कुशीवर वळवलं आणि नीट बघितलं. दादा, मधली भिंत जाड आहे. मांजरांत अशा भिंती मी शिकतानाही पुष्कळ बघितल्या, आता तर आठवड्याला एखादी बघते, माझी नजर तिथे सहसा चुकत नाही. तरी मी चुकले असेन. यंत्र कुत्र्यांसाठी लावलेलं होतं आणि पोर हसल्याने हलत होती. मला चुकीचं ठरायचंय. मी चुकले असं एखाद्या खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तर मी आनंदाने तुझ्या पाया पडेन आणि तू जन्मभर मला चिडव. पण ते त्यांनी सांगायला हवं, तू नव्हे आणि मीही नव्हे.

अजून एक. भिंगरीने हे तुला सांगू नकोस म्हणून लिहिलंय, पण मला ते पोटात ठेवता येत नाही. ती धावते. सकाळी साहेबाला बाकावर बसवून. आणि मागच्या महिन्यात धावताना तिच्या डोळ्यांपुढे अंधार आला होता. तिला मारू नकोस, ओरडूही नकोस. बूट दिलेस म्हणून पाय थांबत नाहीत. मी तिला एवढंच लिहिलंय की साहेबाला सध्या धावपळ नको आणि तिलाही नको, बाकीचं बाबांना विचार. म्हणजे आता ती तुला विचारणार.

तू म्हणालास, पोरीला कोणती पाटी अडकवू. मी खूप विचार केला. तुझ्या प्रत्येक लिफ्टमध्ये आत एक पाटी असते. एका वेळी किती माणसं, एवढंच तीवर असतं. ती पाटी आहे म्हणून लिफ्ट बंद पडत नाही. लोक रोज तीतून वरखाली करतात. भिंगरीला तेवढीच पाटी हवी आहे. काय झेपतं आणि काय नाही, एवढं तिला ठाऊक हवं. थोरल्याला ते कुणी सांगितलं नाही, कारण कुणालाच माहीत नव्हतं. तिच्याबाबतीत आपल्याला माहीत आहे. त्यानंतरही आपण गप्प बसलो तर मी तुला माफ करणार नाही आणि स्वतःलाही करणार नाही.

कठोर लिहिलंय. लिहिताना रडले आहे, हे अक्षरावरून दिसेलच. तुझ्या लोभाशिवाय मला चालत नाही, तरी हे पत्र पेटीत टाकते आहे.

तुझी,
धाकटी


७ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू शब्द पाळलास असं म्हणतेस. म्हणत राहा.

साहेबाचे श्वास काल चोवीस होते. यापुढे काही कळवायचं झालं तर साहेबाबद्दल कळवेन.

दादा


२४ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्हाला मी कधी पत्र लिहीत नाही. इकडचं सगळं तुमचा भाऊच लिहितो आणि मी खाली नमस्कार सांगा म्हणते. आज मीच लिहिते आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. दुपारी ते पत्र माझ्या हातात दिलं आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी वाचलं. वन्सं, तुम्हाला वाटेल मी कोसळले असेन. नाही. मला हायसं वाटलं. आई असून असं वाटावं हे कुणाला सांगायची सोय नाही, पण तुम्हाला सांगते. तीन वर्षं या घरात ती गोष्ट जेवायला बसत होती, झोपत होती आणि तिचं नाव कुणी घेत नव्हतं. तुम्ही घेतलंत.

ते मात्र पंधरा दिवस नुसते साहेबाच्या मागे. सकाळ-संध्याकाळची गोळी स्वतः द्यायची, पावात लपवून. लेक विचारायला गेली की उठून जायचे. एकदा ती त्यांच्या तोंडावर म्हणाली की ती काही लिफ्ट नाही, तिला तिचं स्वतःचं काय ते कळतं. ते पावात गोळी दडवत राहिले.

परवा रविवारी दुपारी ती वाचता वाचता झोपली, साहेब तिच्या पोटाशी. हे स्टूल घेऊन पलंगाशी बसलेले, हातात घड्याळ. मी दारातून बघत होते. बराच वेळ झाला तरी उठेनात. मी हळूच विचारलं की साहेबाचे किती झाले. ते म्हणाले की साहेबाचे मोजायलाच घेतले नाहीत. आणि मग रडले. थोरला गेला तेव्हाही ते रडले नव्हते, तुम्हाला आठवत असेल, सगळ्यांना पाणी देत फिरत होते. लेक जागी झाली. तिने सरकून त्यांना पलंगावर जागा करून दिली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना न विचारता हृदयाच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी असं काही त्यांना न विचारता केलं. रात्री सांगितलं. म्हणाले, मला जमणार नाही. मी म्हटलं, नका येऊ, मी आहे. लेकीलाही सगळं सांगितलं, जेवढं मला समजतं तेवढं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली की आत्याच्या तोंडावरूनच तिला ते कळलं होतं. मैदानावर जात नाही आता. साहेबाला घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत जाते आणि येते.

पुढल्या आठवड्यात आहे. ते येतील की नाही, ठाऊक नाही. मी पुन्हा विचारलेलं नाही. तुम्ही त्यांच्यावर राग धरू नका आणि स्वतःला बोल लावून घेऊ नका. तिकडून आमच्यासाठी मनात जे काही म्हणायचं असेल ते म्हणा.

तुमची,
वहिनी


९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं खरं ठरलं.

सकाळी मायलेकी निघाल्या, तेव्हा मी कामाचे कपडे घालून बसलो होतो. त्या खालच्या मजल्यावर पोचल्या असतील नसतील, मी तसाच मागून गेलो. पॅन्टला ग्रीस होतं. दवाखान्यात सगळे माझ्याकडे बघत होते. भिंगरीने माझ्या शेजारची खुर्ची धरली आणि म्हणाली की या वासाची तिला लाज वाटत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्यासारख्याच भराभर बोलतात. त्यांनी बराच वेळ बघितलं. भिंत जाड आहे, थोरल्याइतकी नाही पण आहे. रोज एक गोळी, वर्षातून दोनदा तपासणी, छातीला एक दिवस यंत्र बांधून ठोके टिपायचे आणि ते पाहून पुढे छातीत एखादं छोटं यंत्र बसवावं लागेल का ते ठरवायचं. शर्यती कायमच्या बंद. चालणं, शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं करता येईल. अशी पुष्कळ माणसं म्हातारी होतात, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. भिंगरीने एकच विचारलं, की हळू, अगदी हळू धावलं तर. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिचं काय गेलं ते मला कळतं, धाकटे. पण ती माझ्यासमोर बसून रडत होती, हे मी बघत होतो आणि मला देवाघरून काहीतरी परत मिळाल्यासारखं वाटत होतं.

मग बाई म्हणाल्या की आता आईवडिलांनीही तपासणीला टेबलावर झोपावं. माझी तयारी नव्हती. तुझी वहिनी आधी झोपली. तिचं सगळं ठीक. मग मी. बाई बोलायच्या थांबल्या तेव्हाच मला समजलं. ते माझ्यात आहे. पन्नाशी उलटली, रोज जिने चढतो, मोटरी उचलतो आणि ते माझ्यात आहे. थोरल्याला माझ्याकडून गेलं. भिंगरीलाही माझ्याकडूनच. तीन वर्षं मला हेच बघायचं नव्हतं, हे तिथे उताणा पडल्यावर मला कळलं. मी तुझ्या वहिनीकडे बघू शकत नव्हतो. ती जवळ आली आणि माझ्या सदऱ्याची बटणं लावायला लागली. सगळी बटणं लावली, कॉलर नीट केली आणि म्हणाली की चला, पोरीला भूक लागली असेल.

आता तुझं. बाईंनी आपल्या बाबांबद्दल विचारलं. मी सांगितलं की ते चाळिशीतच गेले, कामावरून येताना पायरीवर टेकले आणि तसेच राहिले, सगळे थकवा म्हणाले. बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं की मला भावंडं किती. मी म्हटलं, एक बहीण, जनावरांची डॉक्टर, दिवसभर सगळ्यांची हृदयं बघते. बाईंनी विचारलं की तिचं कुणी बघितलंय का.

मग बसमध्ये बसल्यावर मी सगळा हिशेब केला. बाबा, मी, थोरला, भिंगरी. तुला हे ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस. तुला माझ्याआधी ठाऊक होतं. दवाखान्यात एकटी असतेस, यंत्र तुझ्या हाताशी आहे आणि तू ते आजवर स्वतःला लावलं नाहीस.

मी रागावलेलो नाही. मी कुठल्या तोंडाने रागावू? गुरुवारी सकाळची तुझी वेळ त्याच बाईंकडे घेतली आहे. बुधवारी मी येतो तुला न्यायला. नाही म्हणू नकोस.

तुझा,
दादा


१३ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ये. लवकरची बस पकड.

यंत्राची मूठ दोनदा हातात घेतली होती. दोन्ही वेळा ठेवून दिली. मला फार भीती वाटते रे.

तुझी,
धाकटी